शहाबादी फरशीवर व्हिनेगर नको

मा. संपादक,

पावसाळा लागला की जुन्या घरांतून मांजराच्या मुताचा वास नव्याने उठतो आणि ‘व्हिनेगर टाका, लिंबू चोळा’ हे सल्लेही सुरू होतात. आमचं घर नारायण पेठेतल्या वाड्यात, खाली शहाबादी फरशी. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड; आंबट पडलं की वरचा थर झिजतो, पांढरट डाग कायमचा राहतो. वास मात्र जात नाही. मुतातल्या युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, हवा दमट झाली की पुन्हा वास मारतात. त्यासाठी एन्झाइमचं, म्हणजे हे स्फटिक तोडणारी जैविक द्रव्यं असलेलं, क्लीनरच हवं. सांध्यांत मुरेल इतकं ओतायचं आणि वर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवायचं. चटकन पुसून घेतलं तर पैसे वाया. आमच्या माजघरातला उंबऱ्याजवळचा कोपरा यानेच सुटला.

ब्लीच तर अजिबात नको. मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो आणि वाड्यातल्या अंधाऱ्या खोल्यांत तो कोंडतो.

आणि कृपा करून, म्हातारं मांजर अचानक घरात मुतू लागलं तर त्याला हाकलू नका. आधी पशुवैद्याकडे न्या; बऱ्याचदा मूत्राशयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं निघतं.

– एक वाचक, नारायण पेठ, पुणे