सापडले ते जनुक नव्हे!

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘उंदरांत सापडले कर्करोगाचे जनुक’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. जनुक सापडलेले नाही, सापडला आहे गुणसूत्राचा एक पट्टा. बातमीच्या शेवटी तुमच्याच वार्ताहराने तसे लिहिले आहे, पण मथळा देणाऱ्याला तिथवर पोचायला सवड झाली नसावी. अशा एका पट्ट्यात शेकडो जनुके असू शकतात. त्यातले नेमके कोणते, हे शोधण्यात लोकांची उमेदीची वर्षे जातात.

मी एकवीस वर्षे प्राणिगृहात काढली. ‘ए/जे’ जातीच्या उंदराला युरेथेन हे कर्करोग आणणारे रसायन टोचले की काही महिन्यांत फुप्फुसांवर गाठी धरतात. ‘सी५७ ब्लॅक ६’ला फारशा धरत नाहीत. या दोघांचा संकर करायचा, त्या पिल्लांचा पुन्हा आपसात, आणि नातवंडांच्या गाठी मोजायच्या; जास्त गाठींसोबत गुणसूत्राचा कोणता पट्टा येतो, ते त्यावरून ताडायचे. मोजायचे काम माझ्याकडे. टाचणीच्या डोक्याएवढ्या, मोतिया रंगाच्या गाठी. दोन चिकटलेल्या असल्या तर एक धरायची की दोन? एकदा एकाच फुप्फुसावर माझ्या ११ भरल्या, सहकारी बाईंच्या १४. त्यात पाण्याची बाटली गळून पिंजऱ्याचे कार्ड भिजलेले, उंदराचा क्रमांक ३ आहे की ८ कळेना. कानाची खूण बघावी, तर कान शेजाऱ्याने कुरतडलेला. साहेबांनी तो उंदीरच हिशेबातून काढला आणि पुढे वर्षभर मला ‘पाणीवाले’ म्हणत राहिले. बाटली मी लावलीच नव्हती, हे आता छापून आले तरी चालेल!

‘कर्करोग रक्तातच लिहिलेला असतो’ हे तुमचे वाक्य तर थोरच. काही जातींच्या माद्यांतला स्तनांचा कर्करोगही असाच ‘रक्तातला’ समजत होते. जॉन बिटनर या अमेरिकी संशोधकांनी पिल्ले दुसऱ्या जातीच्या मादीकडे दूध प्यायला सोडली आणि १९३६ मध्ये दाखवले की दुधाचाही त्यात हात आहे. दुधातली ती गोष्ट पुढे विषाणू निघाली.

जाता जाता, बातमीसोबतचा फोटो माउसचा नाही, रॅटचा आहे. आमचे उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमचे. फोटोतल्याने माणसाचे दोन्ही तळवे भरलेत. दुरुस्ती छापणार असाल तर मागच्यासारखी शब्दकोड्याखाली नको.

– एक निवृत्त प्राणिगृह साहाय्यक