गोल्फवाले यूट्यूबर आणि आपलं क्रीडा पान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या मराठी पेपरांत गोल्फची बातमी क्रीडा पानाच्या तळाला चार ओळींत येते. अमुक खेळाडू सहा अंडर पार, तमुक संयुक्त सतरावा, कट हुकला, संपलं. ज्याला खेळ आधीच माहितीय त्यालाच ती कळते, बाकीचे पान उलटतात. आणि यूट्यूब-इन्स्टावर गोल्फ खेळणाऱ्या इन्फ्लुएन्सर मंडळींचा विषय निघाला की लोक म्हणतात ही पोरं व्ह्यूजसाठी खेळतात, खरा गोल्फ वेगळा असतो. माझ्या ओळखीतले बरेच जण असंच बोलतात. मला हे अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर सांगायचंय म्हणून हे पत्र लिहितेय. ही माणसं शॉट मारण्याआधी डोक्यात काय चाललंय ते बोलून दाखवतात आणि शॉट फसला तर तोही दाखवतात, म्हणून लोक त्यांच्याकडे ओढले जातात असं माझं मत आहे, आणि टीव्हीवरच्या गोल्फने हे काम कधी केलंच नाही.

टीव्हीवर काय होतं बघा. स्पर्धा चार दिवस, ७२ होल, शंभराच्या वर खेळाडू, त्यातले बरेच एकाच वेळी मैदानभर पसरलेले, त्यामुळे कॅमेरा याच्यावरून त्याच्यावर उड्या मारत राहतो. एकाचा पट (होलजवळ चेंडू हळूच ढकलायचा शॉट), मग दुसऱ्याचा पट, मग जाहिरात, मग तिसराच कुणीतरी झाडाखालून मारतोय, आणि तो त्या झाडाखाली गेलाच कसा हे कुणी सांगत नाही. नवीन माणसाने यातून शिकायचं काय? याउलट यूट्यूबवर एकच माणूस किंवा दोघं-चौघं मित्र, पहिल्या टीपासून (टी म्हणजे होलचा पहिला शॉट मारायची जागा) अठराव्या होलपर्यंत सगळे शॉट, मधलं चालणं कापून टाकलेलं, तासाभरात राउंड संपतो. आणि तो बोलत असतो, की दीडशे यार्ड राहिलेत, वारा समोरून आहे, एरवी आठ नंबरचं आयर्न (लोखंडी स्टिक) घेतलं असतं पण आता जास्त लांब मारणारं सात घेतो, डावीकडे पाणी आहे म्हणून उजवीकडे नेम धरतो, आणि एवढं सगळं सांगून चेंडू नेमका पाण्यातच जातो. मग तो तिथेच उभा राहून काय चुकलं ते सांगतो. माझ्यासारखीला गोल्फ कळायला लागला तो या पाण्यात गेलेल्या चेंडूंमुळे.

रिक शील्स हा इंग्लंडमधला गोल्फ शिकवणारा प्रोफेशनल, मोठ्या टूरवरचा (वर्षभराच्या स्पर्धांच्या साखळीतला) स्टार वगैरे नाही. दहा-बारा वर्षांहून जास्त काळ तो व्हिडिओ टाकतोय आणि त्याचे सबस्क्रायबर लाखोंनी आहेत. त्याने काय केलं तर नवा महागडा ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची स्टिक) आणि काही वर्षं जुना ड्रायव्हर शेजारी ठेवून दोन्हीने चेंडू मारून दाखवले, किती लांब गेला, किती सरळ गेला ते आकडे समोर ठेवले आणि एवढे पैसे घालायची खरंच गरज आहे का ते सांगितलं. दुकानदार असं कशाला सांगेल? सामान्य माणसाच्या खिशाचा विचार करून कुणीतरी बोलतंय ही भावना गोल्फसारख्या खेळात फार मोठी गोष्ट आहे, कारण हा खेळ कायम श्रीमंतांच्या भिंतीआड राहिलेला. अमेरिकेतल्या पीजीए या व्यावसायिक गोल्फवाल्यांच्या संघटनेच्या नियमात फक्त गोऱ्यांनाच सदस्यत्व असं कलम १९६१ पर्यंत होतं, आणि मास्टर्स ही मानाची स्पर्धा जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिला काळा सदस्य १९९० मध्ये घेतला, पहिल्या महिला सदस्य तर २०१२ मध्ये. एवढ्यात कुणीतरी हुडी घालून मित्रांबरोबर हसत खेळत येतो आणि कॅमेऱ्यातून तुम्हाला बरोबर घेऊन फिरतो, तर तरुण पोरं त्याच्याकडे जाणारच ना.

पण सगळ्यात मोठं उदाहरण ब्रायसन डीशाम्बो या अमेरिकन खेळाडूचं, त्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. २०२० मध्ये याने विंग्ड फूट कोर्सवर यूएस ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली तेव्हा तो लोकांचा लाडका अजिबात नव्हता. वजन वाढवून नुसता जोरात मारतो, खेळायला वेळ फार लावतो, प्रत्येक गोष्टीत विज्ञान सांगतो असं सगळे म्हणायचे. त्याच वर्षीच्या मास्टर्सआधी तो म्हणाला की ऑगस्टाचा कोर्स मी माझ्यासाठी पार ६७ धरतो (पार म्हणजे कोर्स पूर्ण करायला ठरवलेले शॉट, तो आकडा त्याने स्वतःच कमी केला), आणि मग स्पर्धेत मागे पडला तेव्हा किती लोकांना आनंद झाला असेल. पुढे २०२२ मध्ये तो पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य स्पर्धामालिकेला टक्कर देणाऱ्या, सौदी पैशाच्या लिव्ह गोल्फमध्ये गेला, तेव्हा उरलेसुरले चाहतेही रागावले. एवढं सगळं असताना या माणसाबद्दल लोकांचं मत बदललं कशाने, तर त्याच्या यूट्यूब चॅनलने.

त्याची ब्रेक ५० ही मालिका बघा. एक पाहुणा घ्यायचा, सगळ्यात पुढच्या टीवरून खेळायचं, दोघांनी मारायचं, ज्याचा चेंडू बऱ्या जागी पडला तिथून परत दोघांनी मारायचं आणि १८ होल ५० च्या आत संपवायचे. पार ७२ चा कोर्स असेल तर २३ अंडर, म्हणजे पारपेक्षा २३ शॉट कमी लागतात, म्हणजे जवळपास प्रत्येक होलवर बर्डी (पारपेक्षा एक शॉट कमी) आणि वर काही ईगल (दोन कमी). प्रत्येक पट महत्त्वाचा होतो, म्हणून मधे उठून जाता येत नाही. २०२४ च्या जुलैत त्याने डोनाल्ड ट्रम्पबरोबर हा डाव खेळला, दोघांचे बरोबर ५० झाले, म्हणजे एका शॉटने हुकलं, तो व्हिडिओ एक कोटीच्या वर लोकांनी बघितला. राजकारण बाजूला ठेवा, गोल्फच्या व्हिडिओला एवढे प्रेक्षक ही साधी गोष्ट नाही. मग त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याने चेंडू घरावरून उडवून पलीकडच्या छोट्या हिरवळीवर होल-इन-वन (एकाच शॉटमध्ये चेंडू होलात) मारायचं ठरवलं. पहिल्या दिवशी एक चेंडू, दुसऱ्या दिवशी दोन, असं रोज एक वाढवत गेला आणि सोळाव्या दिवशी गेला एकदाचा आत. यात डोकं लावण्यासारखं काय आहे असं कुणी म्हणेल, पण लहान मुलंही रोज वाट बघत होती की आज जातोय का. गोल्फच्या एका शॉटची एवढी वाट याआधी कुणी बघितली होती?

आणि हे सगळं नुसता खेळखंडोबा असता तर २०२४ ची यूएस ओपन त्याने जिंकली नसती. पाइनहर्स्ट कोर्सवर शेवटच्या होलला चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), होलपासून ५५ यार्ड लांब. गोल्फ खेळणारे सांगतात की लांबच्या बंकरमधला शॉट सगळ्यात अवघड, ना धड जवळचा ना धड लांबचा. तिथून त्याने चेंडू होलच्या चार-पाच फुटांवर आणला आणि रॉरी मॅकिलरॉयला एका शॉटने हरवलं. त्या दिवशी मैदानावरची गर्दी त्याच्या बाजूने ओरडत होती, नंतर त्याने ट्रॉफी लोकांना हात लावायला दिली. चार वर्षांपूर्वी ज्याच्यावर लोक चिडायचे तोच हा माणूस. स्वभाव एकदम बदलला असेल असं मला वाटत नाही, लोकांना तो आता जवळून दिसला एवढंच, चिडताना, चुकताना, हसताना, पाहुण्याला धीर देताना.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. गुड गुड नावाचा पोरांचा ग्रुप २०२० मध्ये, म्हणजे कोविडच्या काळात सुरू झाला. मित्र मित्र पैजा लावून खेळतात, एकमेकांना चिडवतात, बघताना आपण कॉलेजच्या कट्ट्यावर बसल्यासारखं वाटतं. २०२५ मध्ये त्यांच्या कंपनीत साडेचार कोटी डॉलरची गुंतवणूक आली आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाची स्पर्धा पीजीए टूरवर टेक्सासमध्ये जाहीर झाली. खुद्द पीजीए टूरने २०२४ मध्ये अटलांटाच्या ईस्ट लेकवर टूर चॅम्पियनशिपच्या आधी १६ क्रिएटर्सची (म्हणजे व्हिडिओ करणाऱ्यांची) क्रिएटर क्लासिक ठेवली, ल्यूक क्वॉन जिंकला. म्हणजे ज्यांना आपण टाइमपास म्हणतो त्यांना टूर स्वतःच्या मैदानावर बोलावतेय.

आता विरोधात बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे आणि तो दडवायचा नाही. ग्रँट होर्व्हाट या यूट्यूबरला २०२५ मध्ये बॅराकुडा चॅम्पियनशिप या पीजीए टूरच्या स्पर्धेचं आमंत्रण मिळालं. त्याला खेळताना स्वतःच्या चॅनलसाठी शूटिंग करायचं होतं, टूरच्या नियमात ते बसत नव्हतं, म्हणून त्याने आमंत्रण नाकारलं. तेव्हा काहीजण म्हणाले की अशी जागा मुळात यूट्यूबरला द्यायचीच कशाला, जो मुलगा वर्षानुवर्षं छोट्या टूरवर स्वतःच्या खर्चाने फिरतोय त्याचा तो हक्क आहे. मला हे बरोबर वाटतं. टूरच्या स्पर्धेतली जागा खेळून मिळवायची गोष्ट आहे, प्रसिद्धीने नाही. पण म्हणून होर्व्हाटचे व्हिडिओ वाईट ठरत नाहीत, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसंच वेस्ली ब्रायनचं. तो तर २०१७ मध्ये टूरची स्पर्धा जिंकलेला खेळाडू, भावाबरोबर चॅनल चालवतो, २०२५ मध्ये लिव्हच्या एका क्रिएटर सामन्यात खेळला म्हणून टूरने त्याला निलंबित केलं. इथे मात्र मला टूरचा राग येतो, एका बाजूला क्रिएटर्सना गोळा करायचं आणि दुसरीकडे कुणाबरोबर खेळायचं यावर शिक्षा करायची हे योग्य नाही.

बायकांबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पूर्ण होणार नाही. पेज स्पिरॅनॅक या अमेरिकन गोल्फ इन्फ्लुएन्सरचे इन्स्टाग्रामवर लाखो फॉलोअर्स, टायगर वुड्सपेक्षा जास्त, आणि तिचं नाव काढलं की लोक कपड्यांवरच बोलतात. २०१५ मध्ये दुबईच्या महिला स्पर्धेत तिला आमंत्रणावर जागा मिळाली, कट हुकला, म्हणजे अर्ध्यातूनच बाहेर पडावं लागलं, आणि त्यानंतर ऑनलाइन तिला जे काही बोललं गेलं ते भयंकर होतं. तिने नंतर त्याबद्दल उघडपणे सांगितलं आणि ऑनलाइन छळाविरुद्ध काम केलं. ती खेळाचे साधे धडे देते, बंकरमधून कसं काढायचं, पट मारण्याआधी उतार कसा ओळखायचा. तिच्या कमेंटमध्ये जाऊन बघा काय भाषा असते, आणि हे फक्त तिथलं नाही, आपल्याकडेही मुलगी मैदानावरचा व्हिडिओ टाकते तेव्हा हेच होतं. या प्रकारात जाहिरातीही खूप झाल्यात, कुठला व्हिडिओ पैसे घेऊन केलाय आणि कुठला मनापासून ते नवख्याला कळत नाही, तेवढी काळजी बघणाऱ्याने घ्यावी.

आता आपल्याकडचं. ७ ऑगस्ट २०२१ ला सकाळी अदिती अशोक टोकियो ऑलिम्पिकमध्ये पदकासाठी झुंजत होती, तिची आई तिची कॅडी (स्टिकची बॅग सांभाळणारी सोबतीण) होती, आणि सगळा देश टीव्हीसमोर बसून बर्डी म्हणजे काय, पार म्हणजे काय असं एकमेकांना विचारत होता. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर दुसरा विषयच नव्हता. एका शॉटने कांस्य हुकलं, ती चौथी आली. किती लोक त्या दिवशी गोल्फच्या दारापर्यंत आले होते! पुढच्या आठवड्यात त्यांना आत घेऊन जाणारं कुणी नव्हतं, मराठीत तर नव्हतंच. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला, किती जणांना आठवतं? अनिर्बान लाहिरीचा जन्म पुण्याचा, तो लिव्हमध्ये याच ब्रायसन डीशाम्बोच्या क्रशर्स टीमकडून खेळला, हा धागा धरून केवढं लिहिता आलं असतं.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, तो हे व्हिडिओ बघूनच गोल्फकडे वळला. तिथे बरेच कोर्स सगळ्यांसाठी खुले असतात, पैसे भरले की खेळता येतं, त्यामुळे व्हिडिओ बघितला आणि रविवारी गेला असं होतं. आपल्याकडे तसं नाही. मी चेंबूरला राहते, इथे १९२७ पासूनचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, माझ्यासारख्यांना तो भिंतीबाहेरूनच माहिती. नाही म्हणायला खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथे सदस्य नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं, पण किती मुंबईकरांना हे माहितीय? आणि याच चेंबूरमध्ये क्लबच्या आसपासच्या वस्तीतली, कॅडीचं काम करणारी पोरं लोखंडी सळ्या वाकवून स्टिक करतात आणि प्लास्टिकचा चेंडू घेऊन गल्लीबोळात गोल्फ खेळतात, यावर परदेशी मीडियाने येऊन बातम्या केल्या. १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या क्लबातला कॅडीच होता, घरच्या मैदानावरची ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय प्रोफेशनल. खेळाचं ज्ञान कुणाकडे असतं ते यावरून समजावं. वारा, गवत, उतार, कुठल्या साहेबाचा चेंडू कुठे जाणार, हे सगळं कॅडीला पाठ असतं. अशा एखाद्या पोराने मोबाइल हातात घेऊन मराठीत अठरा होल समजावून सांगितले तर मी रोज बघेन आणि माझ्यासारखे हजारो बघतील याची मला खात्री आहे.

म्हणून संपादक साहेब, आपल्याला माझी विनंती आहे. गोल्फची पुढची मोठी स्पर्धा येईल तेव्हा त्या चार ओळींच्या शेजारी एक चौकट द्या, एकच होल घ्या आणि तो होल कसा खेळला गेला ते सांगा, आणि ते लिहायला किंवा सांगायला चेंबूरच्या एखाद्या कॅडीला बोलवा, त्याला त्याचं मानधन द्या, त्याचं नाव छापा. व्हिडिओ करणार असाल तर आपल्या वेबसाइटवर टाका. पहिला व्हिडिओ कच्चा निघाला तरी चालेल, लोक सांभाळून घेतात.

आपली नियमित वाचक,
चेंबूर, मुंबई