कुंडीतल्या मोगऱ्याला पाणी द्यायला शिकवणाऱ्या माळीकाकांस

आदरणीय माळीकाका,

सप्रेम नमस्कार.

सोसायटीच्या आवारातील झाडांची निगा राखणे हे तुमचे काम आहे; आमच्या बाल्कनीतल्या कुंड्या त्यात येत नाहीत. तरीही दुसऱ्या गावी राहायला गेलेल्या शेजाऱ्यांनी पिवळ्या पानांचा मोगरा माझ्या स्वाधीन केला, तेव्हा तुम्ही आपले काम आटोपून वर आलात, झाड पाहिलेत आणि त्यानंतर वर्षभर ऋतू बदलेल तसे मला शिकवत राहिलात. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ठाण्यात घरोघरी मोगऱ्याची एखादी तरी कुंडी दिसते आणि तुमचे शिकवणे त्या सर्वांच्याच उपयोगाचे आहे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

पाने पिवळी दिसली की खत घालावे किंवा पाणी वाढवावे, असा सल्ला बहुतेक जण देतात. तुम्ही मात्र प्रथम कुंडी आडवी करून मातीचा गोळा अलगद बाहेर काढलात. वरची माती कोरडी होती, पण तळाची माती चिखलासारखी होती आणि तिथल्या मुळ्या तपकिरी व मऊ झाल्या होत्या. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मुळे गुदमरून कुजतात आणि कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भरपूर पाण्यातले झाडही तहानलेल्या झाडासारखेच मलूल दिसते, हे तुम्ही तेव्हा सांगितलेत. एकाच लक्षणाची दोन अगदी उलट कारणे असू शकतात आणि निवाडा पानांवरून न करता मातीवरून करायचा असतो, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

पाणी तुंबण्याचे कारणही तुम्ही लगेच शोधलेत. कुंडीचा तळ फरशीला इतका चिकटून बसला होता की छिद्रातून पाण्याला वाटच नव्हती. तुम्ही कुजलेल्या मुळ्या कापल्यात, छिद्रावर एकच खापरी उपडी ठेवलीत आणि लाल माती, कुजलेले शेणखत, थोडी जाड वाळू व भाताचे तूस असे मिश्रण करून झाड पुन्हा लावलेत. मग कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर टेकवलीत. तळाशी विटांच्या तुकड्यांचा जाड थर देण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे, म्हणून मी त्याविषयी विचारले होते. माती कितीही निथळली तरी तिच्या सर्वांत खालच्या भागात पाणी धरलेला एक ओला थर राहतोच; खाली तुकडे भरले तर तो नाहीसा होत नाही, उलट तेवढाच वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते, असे तुम्ही समजावलेत. त्यामुळे निचरा सुधारायचा असेल, तर लक्ष मिश्रणाच्या भुसभुशीतपणाकडे द्यावे लागते, हे कळले.

रोज सकाळी कुंडीत एक तांब्या पाणी घालण्याची रीत मोडण्यास तुम्ही फार आग्रहाने सांगितलेत. थोड्याशा पाण्याने वरचीच माती भिजते, मुळे तेवढ्यातच पसरतात आणि मे महिन्याच्या उन्हात तोच भाग आधी तापून सुकतो. त्याऐवजी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घालून पाहावे. तिथे ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये आणि कोरडे लागले तर सबंध माती भिजून तळाच्या छिद्रातून पाणी वाहू लागेपर्यंत द्यावे. त्यासाठी कुंडी काठोकाठ भरायची नाही, वर दोन बोटे जागा मोकळी ठेवायची, म्हणजे पाणी क्षणभर थांबते आणि सावकाश मुरते. नळीची जोराची धार मातीत खड्डा पाडते आणि मुळे उघडी करते, म्हणून बारीक छिद्रांची झारीच वापरावी. बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाकावे. पाणी निथळल्यावर कुंडीची कड किंचित उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घ्यायलाही तुम्ही सांगितले होते. आता बोट न घालताही वाफसा, म्हणजे मातीत ओल असूनही हवा खेळती असण्याची स्थिती, आला आहे की नाही हे मला बहुतेक वेळा कळते.

उन्हाळ्यात एकदा माती इतकी सुकली की ती कुंडीच्या कडेपासून सुटली. वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरे, बशी भरे आणि गोळा आतून कोरडाच राही. छिद्रातून पाणी आले म्हणजे माती भिजली, असे अशा वेळी मानता येत नाही. तुम्ही कुंडी पाण्याच्या टबात ठेवायला लावलीत, वर येणारे बुडबुडे थांबल्यावर ती बाहेर काढून पूर्ण निथळू दिलीत आणि वर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातलेत. त्या दिवसांत झाडावर कळ्या होत्या. कळ्या धरल्यावर मुळे पुरती सुकली तर कळ्या गळतात, म्हणून तुम्ही केलेली घाई अगदी योग्य होती.

पावसाळ्याविषयी तुम्ही जे सांगितलेत ते बाल्कनीत झाडे लावणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. बाहेर धो धो पाऊस पडत असला तरी वरच्या मजल्याच्या छताखाली असलेली कुंडी आतून कोरडी राहू शकते, आणि कठड्याबाहेरची कुंडी त्याच वेळी तुडुंब असते. त्यामुळे जुलैमध्येही प्रत्येक कुंडी वेगळी तपासावी लागते. बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीच्या कडेला पांढरे साचतात, म्हणून पहिल्या मोठ्या पावसात मोगरा उघड्यावर ठेवून माती धुऊन घ्यावी, हीही तुमचीच सूचना. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जाते, प्लास्टिकच्या कुंडीत ती सोय नसते. तेव्हा शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कुंड्यांनाही एकाच वेळी पाणी देण्याचे कारण नाही, हे मला त्यातूनच उमगले.

तुमचे गाव विक्रमगडकडचे. तिथल्या आणि जव्हारच्या मळ्यांतला मोगरा दादरच्या फुलबाजारात येतो, आणि त्या शेतीचे ज्ञान तुम्ही कुंडीच्या मापाने मला दिलेत. शेतकरी हिवाळ्यात मोगऱ्याचे पाणी तोडून त्याला ताण देतात, मग छाटणी करतात आणि खत घालून पुन्हा पाणी सुरू करतात. कुंडीत मुळांना खोल जायला जागा नसते, म्हणून इथे पाणी पूर्ण न तोडता दोन पाण्यांमधले अंतर वाढवायचे आणि पाने किंचित मऊ पडू लागली की ताण तिथेच थांबवायचा, हा फरक तुम्ही बजावून सांगितलात. जानेवारीच्या अखेरीस छाटणी झाली, शेणखत घातले आणि भरपूर पाणी दिले; फेब्रुवारीत नवे धुमारे फुटले, आणि मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीवर येत असल्यामुळे मार्चपासून झाड रोज फुलू लागले. संध्याकाळी फुले उमलली की घरभर दरवळ पसरतो. पहिली ओंजळभर फुले मी खाली तुमच्याकडे पाठवली होती. ती तुम्ही गणपतीच्या तसबिरीला वाहिलीत, हे ऐकून फार आनंद झाला.

तुम्ही भातलावणीसाठी गावी जाल, त्या काळात आमच्या जिन्यातील चार घरांच्या कुंड्या तुमच्या पद्धतीने मीच पाहीन. तिघांनी विटेचे तुकडे आणून ठेवले आहेत. चौथ्या घरी अनंताचे झाड आहे आणि त्याची कोवळी पाने पिवळी पडत असून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आहेत. तिथे दोष पाण्याच्या प्रमाणाचा नसून क्षारांमुळे लोह मिळत नसावे असा माझा अंदाज आहे, तरी जाण्यापूर्वी एकदा वर येऊन पाहावे, ही विनंती. चहा आमच्याकडेच घ्यावा.

आपली कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरील रहिवासी