धाकट्याच्या नव्या घराविषयी

वेलिंग्टन, न्यूझीलंड

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

धाकट्याच्या नव्या घराखाली, भूकंपापासून बचावासाठी, इथल्यासारखी रबरी बेअरिंग (पाया आणि इमारत यांच्यामध्ये बसवायचे रबरी ठोकळे) बसवावीत का, असे आपण विचारले होते. माझ्या मते आपल्या एकमजली घराला त्यांची गरज नाही.

आमच्या कार्यालयात अशा बेअरिंगचा कापलेला नमुना ठेवला आहे. त्यात रबर आणि पोलादी पत्र्यांचे एकावर एक थर असून मधोमध शिशाचा जाड दांडा आहे. रबरामुळे इमारत आडवी सरकू शकते, पत्र्यांमुळे ते वजनाखाली दबून फुगत नाही, आणि शिसे वाकताना धक्क्याची बरीच ऊर्जा उष्णतेत जिरते. ही युक्ती इथल्याच बिल रॉबिन्सन या शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात काढली. ठेंगणी, कडक इमारत अर्ध्या सेकंदाच्या आत एक झोका पूर्ण करते आणि भूकंपाचे जोरकस हादरे बहुधा त्याच वेगाचे असतात. बेअरिंगवर तो झोका दोन-तीन सेकंदांचा होतो, म्हणून खाली जमीन थरथरली तरी वरचे मजले संथ डोलतात. त्यासाठी इमारतीभोवती मोकळी फट राखावी लागते. (आपल्याकडे त्या फटीत पहिल्याच वर्षी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या रचल्या जातील, हे आपणही जाणता.)

रुग्णालयाची गोष्ट वेगळी, कारण ते भूकंपानंतरही चालू राहिले पाहिजे. भूजचे जिल्हा रुग्णालय 2001 च्या भूकंपात कोसळले, तेव्हा नवे अशाच बेअरिंगवर उभारले. यवतमाळलाही पुढेमागे मोठे रुग्णालय बांधायचे झाल्यास हा विचार जरूर व्हावा.

किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात माणसे दगावली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवद अंगावर आल्यामुळे. म्हणून धाकट्याने जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली असा तीन ठिकाणी सलग काँक्रीटचा पट्टा घालावा, आणि मिस्त्री कोपऱ्यात सळ्या तोडत नाही ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी आपली काळी माती हा तर रोजचाच त्रास आहे, आणि त्यावर बेअरिंगचा काहीच उपयोग नाही; पाया मुरमापर्यंतच न्यावा लागेल.

मुरूम किती फुटांवर लागला, ते जोत्याचे काम सुरू होण्यापूर्वी मला कळवण्यास त्याला सांगावे. आईस नमस्कार.

आपला,
थोरला