वजन विचारून पट्टा विकणाऱ्यांस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: तुमचा 'कधीच न निसटणारा' पट्टा निसटला, त्याबद्दल (तक्रार चौथ्यांदा)

'आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे' असा मेसेज आज सकाळी तुमच्याकडून आला. समाधान कुणाचं झालं ते त्यात लिहिलेलं नाही. माझं झालेलं नाही, म्हणून हे पत्र.

पट्टा कुठला ते तुम्हाला सांगायला नको. नारिंगी नायलॉनचा, एक इंच रुंद, कडेला चमकणारी शिवण, पुढे प्लास्टिकची खटक्याची क्लिप, साइझ लार्ज, 849 रुपये. खोक्यावर कुत्र्याचा हसरा फोटो.

मी डोळे झाकून खरेदी करणाऱ्यांतली नाही. 2 फेब्रुवारीला, पैसे भरायच्या आधी, तुमच्या नंबरवर फोन केला. सांगितलं की कुत्री कारवानी आहे, म्हणजे लांब मानेची, निमुळत्या डोक्याची देशी जात, गळ्याचा घेर 14 इंच, कान मागे दाबून डोक्याचा घेर साडेतेरा, कुठला पट्टा घेऊ? पलीकडच्या मुलीने विचारलं, "मॅडम, वजन किती?" 21 किलो. "मग लार्ज." मी पुन्हा म्हटलं, अगं, हिचं डोकं गळ्यापेक्षा बारीक आहे. "हो मॅडम, 20 ते 30 किलोला लार्जच."

मी तीस वर्षं ब्लाउज शिवते. आजवर एकाही बाईला वजन विचारून माप घेतलेलं नाही. घेतलं असतं तर दुकानाला कधीच कुलूप लागलं असतं. तरी म्हटलं, एवढी मोठी कंपनी, त्यांना जास्त कळत असेल. ही माझी चूक, आणि ती मी कबूल करते.

15 फेब्रुवारीला संध्याकाळी सात वाजता आम्ही विश्रामबागेतून फिरून येत होतो. समोरून वरात आली आणि कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. हरणीने, म्हणजे माझ्या कुत्रीने, पुढे ओढ घेतली नाही. घाबरलेला कुत्रा पुढेच ओढतो असं नाही, बऱ्याचदा तो पाय रोवून मागे सरकतो, हे तुमच्या कार्यालयात कुणाला तरी माहीत असेलच. तिने कान मानेला चिकटवले, मान खाली घातली आणि साबण लावलेल्या हातातून बांगडी निघावी तसं तिचं डोकं पट्ट्यातून बाहेर आलं. माझ्या हातात साखळी, साखळीला पट्टा, पट्ट्याची क्लिप जशीच्या तशी बंद. आत कुत्री नाही. पट्टा मी दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवला होता, तुमच्याच माहितीपत्रकातल्या तिसऱ्या चित्रात दाखवलाय तसा.

पुढे सांगली-मिरज रस्ता. संध्याकाळी सातला तो कसा असतो ते इथे येऊन बघा. रात्री साडेअकराला ती उसाच्या फडाच्या बांधावर सापडली, पुढच्या पायाची गादी फाटलेली, अंग थरथरतंय. माझा घसा दोन दिवस बसला होता. ट्रकखाली आली नाही ती तिच्या नशिबाने, तुमच्या क्लिपने नव्हे.

आता तक्रारीसाठी केलेल्या तिसऱ्या फोनबद्दल. पहिले दोन सोडून देते. एकात गाणं ऐकवलं, दुसऱ्यात आधी गाणं ऐकवून मग कट केलं. तिसरा फोन बावीस मिनिटं चालला आणि त्यातलं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे, कारण नंतर मी ते घरी सगळ्यांना तीन-तीनदा सांगितलंय.

मी सगळं सांगितलं. पलीकडचे गृहस्थ अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पट्टा तुटला आहे का?"
नाही.
"क्लिप उघडली का?"
नाही.
"शिवण उसवली?"
नाही हो, कुत्री निसटली.
"म्हणजे मॅडम, प्रॉडक्टमध्ये दोष नाही." थोडं थांबून, "आमच्या माहितीप्रमाणे आपल्या कुत्र्याचं डोकं लहान आहे."

माझ्या कुत्रीचं डोकं लहान आहे! दोष तिचा. मी विचारलं, मग मी काय करू, मोठं करून आणू? तर म्हणाले, "एक बोटही जाणार नाही असा आवळून बघा." एक इंची नायलॉन, बारीक केसांची, पातळ कातडीची मान, आणि त्यावर बोट न जाणारा फास. त्या सल्ल्याप्रमाणे मी एक दिवस केलंही. हरणी दर ओढीला ठसकत होती. त्याच फोनवर मग त्यांनी जात विचारली. कारवानी म्हटलं तर, "ही जात आमच्या सिस्टीममध्ये नाही, मॅडम. लॅब्राडोर टाकू का?"

मी नको म्हणायच्या आत त्यांनी टाकलं असावं, कारण पुढचे सगळे मेसेज 'आपल्या लॅब्राडोरसाठी' येतायत. तुम्ही कारवानी म्हणा नाहीतर मुधोळ म्हणा, 2005 मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात मुधोळ हाउंड होता. टपाल खात्याच्या सिस्टीममध्ये तो वीस वर्षांपूर्वी होता. तुमची सिस्टीम कुठे अडकली आहे?

शेवटी त्यांनी 'पट्टा वापरात असताना दोष दिसेल असा' फोटो मागितला. म्हणजे कुत्री पट्ट्यातून निसटतानाचा. एका हातात रिकामी साखळी, दुसऱ्या हाताने फोटो, आणि कुत्री मिरजेच्या दिशेने. फोन ठेवताना वर, "मॅडम, या कॉलला एक ते पाच गुण द्या."

मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? योग्य पट्टा तुम्ही बनवता. तुमच्याच कॅटलॉगमध्ये मार्टिंगेल आहे, शिट्ट्या आणि क्लिकर यांच्या मधोमध, 'ट्रेनिंग' नावाखाली पुरलेला. मोठ्या फासाला छोटा फास, साखळी ताणली की छोटा मोठ्याला आवळतो, गळ्याला बेताचा बसला की थांबतो. लांब मान आणि निमुळतं डोकं असलेल्या कुत्र्यांना तोच लागतो, आणि दीड-दोन इंच रुंद लागतो. घरी एकटी सोडताना काढून ठेवायचा, एवढंच पथ्य. जतला माझ्या भावाच्या वस्तीशेजारी धनगरमामा आहेत, ते सुतळीने आधी मान मोजतात, मग कानामागून डोकं, आणि सुतळीला दोन गाठी मारतात. वजनकाटा त्यांच्याकडे नाही. बहुतेक म्हणूनच त्यांचं बरोबर येतं.

आमच्या आधीच्या मोत्याला तुमचाच चामड्याचा पट्टा होता, पितळी बकलाचा. नऊ वर्षं टिकला, मोत्या गेला तरी पट्टा खुंटीवर आहे. त्या पट्ट्याच्या भरवशावर मी तुमच्याकडे आले होते. ती कंपनी तुम्हीच का, की फक्त नाव विकत घेतलंय?

कायद्याची भाषा मला बोलायची नव्हती. पण ऑनलाइन विक्रीच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, हे मी वाचलंय. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माझा फोन तयार आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग सांगलीत आहे, मला एसटीसुद्धा लागत नाही. एवढ्याशा रकमेच्या तक्रारीला तिथे फीही नाही.

मला 849 रुपये आणि पायाच्या ड्रेसिंगचे 1,150 रुपये परत हवेत, पावती जोडली आहे. खोक्यावरचं 'कुठल्याही जातीच्या कुत्र्याच्या गळ्यातून कधीच निसटत नाही' हे वाक्य काढा. आणि साइझच्या तक्त्यात वजनाच्या जागी गळ्याचं आणि डोक्याचं माप टाका. वजन नको. वजन नको हे मी दोनदा लिहिलंय कारण फोनवर चार वेळा सांगून उपयोग झाला नाही. दहा टक्के सवलतीचं कूपनही नको.

हरणीची मालकीण,
विश्रामबाग, सांगली

ता. क. पत्र पाकिटात घालत असतानाच तुमचा माणूस 'बदली वस्तू' देऊन गेला. तोच नारिंगी पट्टा, आता एक्स्ट्रा लार्ज. माझं डोकं सहज जातं त्यातून, घालून पाहिलं. तो न्यायला माणूस पाठवा. हरणीसाठी मी दीड इंची नवार आणून, तीन कड्या घालून, मशीनवर दुहेरी शिवणीचा मार्टिंगेल शिवलाय. खर्च 90 रुपये. काल पुन्हा वरात गेली.