क्रूडच्या लाइनीबद्दल, प्रकाशला

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय प्रकाश,

सप्रेम नमस्कार. तुझा पुतण्या गुजरातेत क्रूडच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या, पाइपलाइनीवर क्वालिटीचं काम बघायला निघालाय, हे वाचून आनंद झाला. पत्र त्यालाही वाचायला दे. आपल्या मनमाडजवळ पानेवाडीला येते ती लाइन पेट्रोल-डिझेलची. क्रूडची बांधायची रीत बरीचशी तीच. राजस्थानातल्या बाडमेरचं तेल तेवढं वेगळं. ते मेणचट, गार झालं की गोठतं, म्हणून ती लाइन गरम ठेवावी लागते.

गावातले लोक त्याला आधी जमिनीचंच विचारतील. १९६२च्या पाइपलाइन कायद्याने कंपनी जमीन विकत घेत नाही, वापरहक्क घेते. मालकी शेतकऱ्याचीच राहते. हक्कापोटी बाजारभावाच्या १० टक्के, पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी. पुढे त्या पट्ट्यात पीक घेता येतं. घर, विहीर, झाड नाही. चर खोदताना वरची काळी माती बाजूला ठेवून शेवटी वरच पसरायची. ती मुरमात मिसळली की शेतकरी वर्षानुवर्षं शिव्या घालतो, आणि बरोबरच घालतो.

आता मुख्य काम, म्हणजे पाइपांचे वेल्डिंगचे जोड. गुजरातेतल्या वाडीनार ते मध्य प्रदेशातल्या बीना ही क्रूडची लाइन ९३५ किलोमीटरची. बारा मीटरच्या पाइपाने हिशेब केलास तर जवळपास ७८ हजार जोड होतात. पाइपाच्या टोकांना ३० अंशांची बेव्हल, म्हणजे तिरपी कड, मध्ये दीडेक मिलिमीटर फट, आतून क्लॅम्प लावून तोंडं जुळवायची. मग वेल्डिंगचे थर एकावर एक: रूट, हॉट पास, फिलर, कॅप. सेल्युलोजच्या लेपाची वेल्डिंगची काडी वरून खाली ओढतात. तिच्यातून हायड्रोजन येतो. म्हणून पाइप आधी तापवायचा, आणि रूट ग्राइंड झाला की काही मिनिटांत हॉट पास मारायचा. मध्ये वेल्डर चहाला गेला की जोड थंडावतो आणि हायड्रोजनमुळे त्याला चीर जाऊ शकते. अशी चीर काही वेळा काही तासांनी उघडते, त्यामुळे घाईने काढलेल्या जोडाच्या एक्स-रे फिल्मवर ती दिसेलच असं नाही.

फिल्म पास झाली की लोक निर्धास्त होतात. माझ्या मते खरी जोखीम तिथून पुढे आहे. पाइपाला कारखान्यातूनच तीन थरांचं पॉलिथिनचं कोटिंग असतं, पण जोडापाशी दोन्हीकडे वीतभर पोलाद उघडं असतं. तिथे साइटवर उष्णतेने आकसणारी प्लास्टिकची स्लीव्ह चढवतात. ब्लास्टिंग करून, म्हणजे खरखरीत कणांचा मारा करून, पोलाद पांढुरकं करायचं, ठरलेल्या तापमानापर्यंत तापवायचं, इपॉक्सी प्रायमर लावायचा, मग मधून कडेकडे टॉर्च फिरवत, रोलरने हवा काढत स्लीव्ह बसवायची. पोलाद पुरेसं तापलं नाही तर वरून ती झकास दिसते, खालून चिकटलेलीच नसते.

कोटिंगला पडलेलं उघडं भोक त्यापेक्षा परवडलं. मातीतल्या लाइनीला गंज रोखायला कॅथोडिक संरक्षणाचा विजेचा प्रवाह देतात. कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजल्यास पाइपाचं पोटेन्शियल, म्हणजे मातीच्या तुलनेतला विद्युतदाब, किमान उणे ०.८५ व्होल्ट हवं. भोकापर्यंत तो प्रवाह पोचतो. सुटलेल्या स्लीव्हच्या आत पाणी शिरतं, पण प्रवाह नीट पोचत नाही, आणि गंज निवांत चालू राहतो. त्यातून काळी माती. उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते आणि कोटिंग ओढत राहते.

चर एक मीटर तरी झाकण राहील इतका खोल. खडक असेल तर खाली-वर मऊ मातीची गादी. उतरवण्याआधी सगळ्या कोटिंगवरून २५ किलोव्होल्टचा हॉलिडे डिटेक्टर, म्हणजे भोकं शोधणारं यंत्र, फिरवायचा. पावसाळ्यात एक सांभाळ: २४ इंची, साडेनऊ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला १४० किलोच भरतो, पण पाणी बाजूला सारतो २९० किलो. भरलेल्या चरात रिकामी लाइन सरळ तरंगते. नदी-नाल्यात म्हणूनच पाइपावर काँक्रीटचं वजन चढवतात.

शेवटी पाण्याची चाचणी, कमाल दाबाच्या सव्वापट, सहसा २४ तास. चढ-उतार असेल तर लाइन तुकड्यांत तपासतात. आपल्या कसारा घाटासारखा तीनशे मीटरचा चढ घे. पायथ्याशी आपोआप चौरस सेंटिमीटरला तीसेक किलो दाब जास्त पडतो.

पुतण्याला सांग, गेल्या गेल्या थंड झालेल्या स्लीव्हची एक पट्टी कापून सोलून बघ. सोलल्यावर चकचकीत पोलाद दिसलं तर त्या दिवसाचं काम थांबवायचं, ठेकेदार कितीही रागावला तरी.

काकूंना नमस्कार.

तुझाच,
अविनाश