सड्यावरची चित्रं टाइमपास नव्हती

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा टपरीवर कातळशिल्पांचा, म्हणजे आमच्या कोकणातल्या सड्यावर (उघड्या कातळाच्या माळावर) फार पूर्वीच्या माणसांनी कोरलेल्या चित्रांचा, विषय निघाला तर एक जण म्हणाला, तेव्हा माणसाला कामधंदा नव्हता, बसल्या बसल्या काढलं असेल कायतरी. मला ते इतकं लागलं की आज लिहायलाच बसलो. मे महिन्यात आमच्या राजापूरच्या सड्यावर अर्धा तास उभं राहून बघा म्हणावं. वरचा कातळ उन्हापावसाने असा घट्ट झालेला असतो की पहार मारली तरी हाताला झिणझिण्या येतात, आणि त्या माणसांनी दगडाच्या हत्याराने कोरलंय.

आमच्याच तालुक्यातल्या कशेळी गावचा कोरलेला हत्ती 18 मीटर लांब, 13 मीटर रुंद, त्याच्या आत आणखी कितीतरी प्राणी. शेजारी उभं राहिलं तर हत्ती कळतच नाही, आता लोक ड्रोन उडवतात. म्हणजे काढणाऱ्यांनी तो आख्खा डोक्यात धरून काढला, आणि एकट्याचं काम नव्हेच ते.

शिकार मिळावी म्हणून चित्रं काढायचे असं आपण शाळेपासून ऐकतो. पण फ्रान्समधल्या लास्को गुहेत, जी 1940 साली सापडली, भिंतीवर घोडे आणि बैल आहेत आणि तिथल्या माणसांनी खाऊन टाकलेली हाडं मात्र बहुतेक रेनडिअरची. मग नुसतं पोटासाठी कसं म्हणायचं?

लहानपणी गुरं घेऊन गेलो की पावसानंतर एका खाचेत पाणी साचलेलं दिसायचं. एकदा त्या पाण्याच्या कडेकडेने अनवाणी चालत गेलो, बोटभर खोल रेघ, वळली, परत वळली, मग सरळ लांब गेली आणि तेव्हा कळलं ही पाकटाची (चपट्या, लांब शेपटीच्या माशाची) शेपटी. मला तरी वाटतं पोरांना असंच चालवत शिकवत असतील, हा वाघ, हा गेंडा, ही मुशी (शार्क), ह्याच्यापासून लांब राहा. गेंडा तर आता कोकणात नाहीच, पण कातळावर आहे.

2022 साली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली त्याचा आनंद आहेच, पण आमच्याकडे एका चित्रावरून डंपरचा रस्ता गेला, निम्मा प्राणी खडीखाली. चिरेखाणीला (बांधकामाचा जांभा दगड काढायच्या खाणीला) परवानगी देण्याआधी एकदा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना, गावातल्या गुराख्याला बरोबर घेऊन सडा फिरा एवढीच विनंती, दुपारी त्या रेघा दिसत नाहीत.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर